उशिरा दाबलेलं बटण

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. बायकोपुढेही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काही नाही. सांगतोय, एवढंच.

रत्नागिरीत मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो. परीक्षेचा प्रोग्राम माझा स्वतःचा. काळ्या पडद्यावर एक प्रश्न, उत्तराला मोजके सेकंद, एक बटण दाबायचं. वेळ संपली की पुढचा प्रश्न आपोआप. त्याचा मला कोण अभिमान! येईल त्याला दाखवायचो.

नसरीन जवळच्याच राजिवड्याहून यायची. वडील मच्छीमार बोटीवर. घरून बोली एवढीच होती — पास झाली तर पुढे शिकवू, नाही तर लग्न. पोर हुशार, पण विचार करून उत्तर देणारी. वेळ संपता संपता बटण दाबायची.

ती सपशेल नापास झाली.

"सर, मी दाबलंच नाय ओ," ती म्हणाली. "प्रश्न वाचायच्या आधीच उत्तर पडत होतं."

मुलं हसली. मीही हसलो. म्हणालो, "घाई करतेस तू. नाचता येईना, अंगण वाकडं!"

घाई — आणि ती पोर?

सगळे गेल्यावर मी तिच्यासारखाच रेंगाळत परीक्षा देऊन पाहिली. वेळ संपल्यावर, पुढचा प्रश्न दिसायच्या आत दाबलेलं बटण वाया जात नव्हतं. ते आत साठून राहायचं आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पडायचं. प्रश्न बदलताना साठलेलं पुसून टाकायचं, हे मी विसरलो होतो. अंगण माझंच वाकडं होतं. एक ओळ घालायची होती. ती घातली, चहा प्यायलो, घरी गेलो.

तिचं घर काय लांब होतं? पण जाऊन सांगायचं काय — सरांचं चुकलं? मग क्लासचं नाव? मी भित्रा होतो, दुसरा शब्द नाही. पुढे तिच्या लग्नाची मिठाई आली. तीही मी खाल्ली.

परवा एसटी स्टँडवर भेटली. बरोबर लेक, शाळेच्या गणवेशात. तिला म्हणाली, "हे माझे सर. खूप छान शिकवायचे. मीच घाई केली, म्हणून नापास झाले. तू तसं करू नको हां."

तेव्हाही बोलता आलं असतं — नाही का? तिच्या पोरीनं माझ्याकडे पाहिलं, खरं का, अशा नजरेनं.

मी हो म्हणालो.