मोहाचा वास आणि मधाची वाईन

इन्स्पेक्टरांनी पंचनामा लिहूनच आणला होता. खाली माझ्या सहीपुरती जागा सोडलेली होती.

"मॅडम, सही करा. पिंपं ओततो आणि जेवायच्या टायमाले नागपूर गाठतो," ते म्हणाले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दारूवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या लॅबमध्ये मी केमिस्ट होते. काटोलच्या पुढे वामनराव ढोके यांची संत्र्याची बाग होती आणि बागेत मधपेट्या. मध विकून उरायचा, म्हणून त्यांनी त्याची वाईन करायला घेतली. खात्याने त्यांना प्रयोगापुरता परवाना दिला होता. इन्स्पेक्टरांचा आरोप असा, की ही वाईन नाहीच. मोहाची गावठी दारू आणून त्यांनी पिंपांत मिसळली आहे. आरोप खरा ठरला तर माल ओतला जाणार, परवाना रद्द होणार आणि वर खटला.

"कशावरून?" मी विचारलं.

"वास घ्या ना. मोहाचा वास लपते का कुठं?"

मी पिंपावर वाकून वास घेतला. मोहाचा होता, यात शंका नव्हती.

"काहून गा वामन, आता बोल ना," इन्स्पेक्टर म्हणाले.

"काय बोलू साहेब? संत्र्याचा बहार सरला का मी पेट्या जंगलाच्या कडेले नेतो. तिथं मोह फुललेला राहते. माशा त्याच्यावर बसतात. मंग मधाले वास येईन का नाही?"

"माशी दारू पिऊन येते म्हणतो हा," इन्स्पेक्टर सोबतच्या शिपायाकडे बघून हसले. शिपाईही हसला.

मी वामनरावांच्या बायकोला कच्चा मध आणायला सांगितलं. शांताबाईंनी बरणी आणली. झाकण काढताच तोच वास आला, थोडा मंद.

"मधातही मिसळली असन," इन्स्पेक्टर म्हणाले.

मग मी दुसऱ्या पिंपाकडे गेले. पाण्यात कालवलेला मध त्यात अजून आंबत होता. बुचातून एक रबरी नळी काढून पाण्याच्या बाटलीत सोडलेली होती आणि बाटलीत बुडबुडे येत होते. इथे थोडं समजावून सांगायला हवं. मधाचं पाणी आंबवतं ते यीस्ट. हे जिवंत असतं. ते साखर खातं, त्यातून अल्कोहोल होतं आणि वायू सुटतो. अल्कोहोल फार वाढलं की यीस्ट त्यातच मरतं. बाहेरून कडक दारू ओतली तर ते लगेच थंडावतं आणि बुडबुडे बंद होतात. या पिंपाला मोहाचा वास होता आणि बुडबुडे जोरात चालू होते.

मी हे सांगितलं. इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं.

"कमी ओतली असन मॅडम. यीस्ट मरणार नाही इतकी."

हा मुद्दा बरोबर होता. त्यावर एकच उपाय होता. तयार वाईन चाखायची. आंबून झालेलं अल्कोहोल आणि वरून घातलेलं अल्कोहोल तोंडात वेगळं लागतं. वरून घातलेलं मिसळून जात नाही. चव पुढे जाते आणि चटका मागे घशात राहतो.

"तुम्ही चाखली?" मी विचारलं.

"मी? वीस वर्सं झाली या खात्यात, एक थेंब तोंडाले लावला नाही." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"मग पेला द्या."

इन्स्पेक्टर जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, श्रावण सुरू आहे. त्यात तुमच्या घरी... यजमानांचं वर्षही फिरलं नाही अजून. चार लोकं पाहून राहिले. वासावरून लिहा ना, कोण विचारते?"

माझे यजमान होळीच्या आधी गेले होते. घरात सणवार बंद होते, गोड शिजत नव्हतं. ते सगळं मी पाळत होते, कारण मला तसंच राहावंसं वाटत होतं. पण माझं दुःख या माणसाचा पंचनामा पुरा करायच्या कामी येणार असेल, तर ते मला चालणार नव्हतं.

"साहेब, घरचं मी घरी बघते," मी म्हटलं.

शांताबाईंनी पेला धुऊन दिला. मी वाईन प्रकाशात धरली, फिरवली, घोट घेतला आणि जिभेवर थांबवला. लॅबमध्ये आम्ही घोट थुंकतो. इथे प्रश्न घशाचा होता. मी गिळला.

गोडवा जवळजवळ नव्हता. आधी आंबटसर, मग फुलासारखं काहीतरी, शेवटी थोडा तुरटपणा. घशात ऊब आली, चटका नाही. मी खात्रीसाठी पुन्हा एक घोट घेतला. इन्स्पेक्टरांनी मान फिरवली.

"कशी लागली, बाई?" शांताबाईंनी विचारलं.

"अजून मुरायला हवी."

"मी यांले तेच सांगून राहिली. ऐकतच नाहीत."

"घ्या आता," वामनराव म्हणाले. "साहेब परवाना नेऊन राहिले, आन् हिले मुरायची पडली."

पंचनाम्यावर मी सही केली नाही. बाहेरून दारू मिसळल्याची खूण आढळली नाही, असं वेगळ्या कागदावर लिहून त्याखाली केली. पिंपांना सील लावलं आणि सॅम्पल घेऊन परतले. लॅबच्या तपासणीत तेच निघालं. वामनरावांचा परवाना राहिला. पिंपं ओतली गेली नाहीत.

चार दिवसांनी आमच्या लॅबच्या साहेबांनी बोलावलं. तक्रार वाईनबद्दल नव्हती, माझ्याबद्दल होती.

"तुम्ही सगळ्यांसमोर प्यायलात म्हणे."

"चाखली, सर. ते माझं काम आहे."

"ते खरं. पण वर्षभर चाखण्याचं काम दुसऱ्या कोणाकडे देऊ. तुमच्याच भल्यासाठी."

"ऑर्डर लेखी द्या. कारण काय ते त्यात लिहा."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग म्हणाले, "बघू."

या नोकरीत मी एवढं शिकले, की जे तोंडी सांगायला लोकांना संकोच वाटत नाही, ते सही करून लिहायला फार जड जातं. ती ऑर्डर कधीच आली नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर नवी सॅम्पलं आली होती. मी पेले मांडले.