काळ्या मातीत टेकवलेलं घर

साठीत माणूस अल्लड असतो. त्या वयात मी गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर घेतलं आणि परतवाड्यापुढे एका शेतात नेऊन उभं केलं. सोबत थोरल्या जाऊबाई होत्या, त्यांना चकरेचा त्रास. आत पाय टाकताच घर डुललं.

"हे तं झोके खाऊन राहिलं. मी अकोल्याले चालली."

त्यांना जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. चारही कोपऱ्यांचे लोखंडी पाय खाली सोडले आणि शहाणीने त्यांच्यावरच घर उचलायला घेतलं. पाय वीतभर रुतले. जन्म कपाशीच्या रानात गेला, तरी ओल्या काळ्या मातीवर भरवसा ठेवला!

"काहून वं, विहीर खणून राहिली का?" जाऊबाईंनी विचारलं.

मी पाय वर घेतले. गाडी जरा पुढे घेऊन घराचं उताराकडचं चाक फळीवर चढवलं, चाकांना दगड लावले. आत परातीत पाणी ओतून पातळी पाहिली. चुकली, पुन्हा केलं. तिसऱ्यांदा पाणी सरळ राहिलं, तेव्हा लोखंडी पायांखाली रुंद फरशा ठेवून ते डुलणं थांबेल इतकेच, नुसते टेकवले.

जाऊबाई आत जाऊन आडव्या झाल्या. मग हाक आली, "रातच्यासाठी माही चादर काढून ठेव वं."