डिंक सारखा लावायचा म्हणजे

फेब्रुवारीचा दुसरा रविवार, सकाळ. रक्कम बाराशे रुपये. हजर: आई, माझी बायको, आईला उठवायला-बसवायला येणाऱ्या मावशी आणि मी. सुतारही होता, पण तो आमची जुनी खुर्ची दोनदा हलवून, दुरुस्तीचा हा आकडा सांगून लगेच निघाला. शिर्डीला एका हॉटेलाचं काम धरलं होतं, म्हणून पंधरा दिवसांनी येतो म्हणाला.

पंधरा दिवस थांबणं आईला परवडणारं नव्हतं. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता उंच, हाताच्या खुर्चीत बसायचं आणि हातांवर जोर देऊन स्वतः उठायचं. पडून राहिलात तर पाय उठणं विसरतील. तोवर मावशी तिला काखेत हात घालून उचलत.

"पोत्यासारखं उचलतात मला," आई म्हणायची.

"पोतं बरं, आजी. पोतं बोलत न्हाई," मावशी म्हणायच्या. त्या पाथर्डीकडच्या, बोलण्यात कुणाला हार जाणाऱ्या नव्हेत.

प्लास्टिकच्या खुर्चीचे हात जोर दिला की वाकतात. आमची सागवानी खुर्ची उंचीला बरोबर होती, पण सगळे सांधे ढिले. तिच्यावर भार देऊन आई उठायला गेली आणि खुर्ची हलली, तर पुन्हा तोच खुबा. मी ठरवलं, आपणच सांधायची.

दुपारी ती खोलली. प्रत्येक आडव्या पट्टीचं टोक पायातल्या खाचेत बसवलेलं होतं. जुना सरस तपकिरी पापुद्र्यांनी सुटून आला. चाकूने खरवडून सगळं लाकूड स्वच्छ केलं. आई पलंगावरून बघत होती. तिने शाळेत आयुष्यभर कार्यानुभवाचे तास घेतले. पुठ्ठा, कागद आणि खळ हा तिचा प्रांत.

"डिंक सारखा लाव," ती म्हणाली.

मी हिशेबी माणूस. सारखा म्हणजे समान. खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं, त्यावरच्या रेघेपर्यंत पांढरा डिंक भरला आणि प्रत्येक खाचेत एकेक टोपण ओतलं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

"खुर्चीला खोकला झालाय व्हय, दादा?" मावशींनी विचारलं.

"दिवसातून तीनदा, जेवणानंतर," बायको आतून म्हणाली.

मी सांधे ठोकून बसवले, सुती दोरीचे वेढे दिले, त्यात काठी घालून पीळ भरला आणि खुर्ची कोपऱ्यात ठेवली.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दोरी सोडली. आधी स्वतः बसलो आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर सगळा भार टाकला. उजवा हात टिकला. डावा कुरकुरला आणि बोटभर सरकला. आईने ते पाहिलं. पांघरूण पुन्हा पायांवर ओढून घेतलं.

"अहो, दुसरा सुतार बघा. दोनशे-तीनशे जास्त गेले तर गेले," बायको म्हणाली.

"पैशांचं नाही. कुठे चुकलं ते बघू दे."

डावा हात पुन्हा खोलला. पट्टीचं टोक बाजूंनी जवळपास कोरडं होतं. ओतलेला डिंक खाचेच्या तळाशी दह्यासारखा पांढरा, अजून ओला पडून होता. उथळ खाचांतून तर तो बाहेर ओघळून पायांवर सुकला होता. मी ती पट्टी आईच्या हातात दिली. तिने चष्मा लावला, टोक चारी बाजूंनी फिरवून बघितलं.

"तू वाटून दिलास. मी पसरायला सांगितलं होतं."

"सारखा म्हणालीस."

"सारखा म्हणजे सगळीकडे एकसारखा. प्रत्येकाला तेवढाच, असं कुठे म्हणाले? खोल खाच जास्त घेणार, उथळ कमी."

"मग तसं सांगायचं."

"दुसरीतल्या पोरांना एवढंच सांगत आले. त्यांना कळायचं."

उरलेले सांधेही खोलले. जे सहज सुटले नाहीत, ते गरम पाण्याच्या फडक्याने शेकून सोडवले. सगळं पुन्हा खरवडलं आणि रात्रभर वाळू दिलं. मंगळवारी रजा टाकली. जुन्या टूथब्रशचे केस निम्मे कापले, म्हणजे तो खाचेत शिरला. आधी खाचेच्या चारी भिंती, मग टोकाच्या चारी बाजू, पातळ थर, एकही कोरडा ठिपका राहणार नाही असा. टोपणाला हात लावला नाही. सांधा दाबला की कडेने मोहरीएवढे थेंब ओळीने वर येत. एका बाजूला थेंब आले नाहीत, तर टोक ओढून काढायचं आणि तिथे पुन्हा ब्रश फिरवायचा. असं दोनदा करावं लागलं. मग ओल्या फडक्याने पुसून दोरीला पीळ भरला आणि या वेळी पूर्ण दोन दिवस खुर्चीला कुणाला शिवू दिलं नाही.

गुरुवारी मी बसलो, जोर दिला, अंग डावीकडे टाकलं, उजवीकडे टाकलं. काही हललं नाही. मग मावशींनी आईला खुर्चीत बसवलं आणि सवयीने काखेकडे हात नेले.

"हात मागे घ्या," आई म्हणाली.

तिने खुर्चीचे हात धरले. बोटांची पेरं पांढरी झाली. एकदा अर्धी उठून परत बसली. दुसऱ्यांदा उठली आणि उभी राहिली. मी खुर्चीच्या सांध्यांकडे बघत होतो; तिच्याकडे बघायचं नंतर सुचलं.

"लई जोर हाय की," मावशी म्हणाल्या. "म्हंजी माझं काम सरलं."

"महिना भरेपर्यंत यायचं," आई उभ्यानेच म्हणाली. "उचलायचं नाही. मी पडते का तेवढं बघायचं, आणि चहा घ्यायचा."

आई पडली नाही. महिना भरल्यावर मावशींना ठरलेले नऊ हजार रुपये दिले, एकही दिवस न कापता.