सरांचा संशय

"कोण म्हणतं?" रिपोर्ट हातात घेतला की सरांचा पहिला प्रश्न हाच.

"मशीन म्हणतंय, सर."

"मशीन काहीबी म्हणंल. स्लाइड लाव."

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये आमची लॅब. सर पॅथॉलॉजिस्ट, मूळचे देगलूरचे, आणि मी त्यांची टेक्निशियन. नळीतलं रक्त मशीनला दिलं की मिनिटभरात कॉम्प्युटर पेशींचे आकडे दाखवतो. तुम्ही भाजीवाल्याच्या तराजूकडे बघता ना, तसे सर त्या स्क्रीनकडे बघायचे. बरं, संशय मशीनपुरताच होता म्हणता? छे! काच कुणी पुसली, तिच्यावरच्या रक्ताला रंग कुणी दिला, चहात साखर कुणी घातली, सगळ्यांची उलटतपासणी.

डेंग्यूच्या दिवसांत लोह्याचा एक माणूस बायकोला घेऊन आला. कॉम्प्युटरनं तिच्या प्लेटलेट्स इतक्या कमी दाखवल्या, की तो हैदराबादसाठी गाडी बघायला निघाला. सरांनी त्याला बसवलं आणि काचेवर थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिलं. प्लेटलेट्स भरपूर होत्या, पण नळीत एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. मशीनला त्या मोजताच आल्या नव्हत्या.

"लई हुशार हाय म्हणं आपलं मशीन," सर दिवसभर मला चिडवत होते.

मागच्या उन्हाळ्यात सरांना बारीक ताप येऊ लागला. जिना चढताना धाप लागायची. मी हट्टानं त्यांचं रक्त घेतलं, तर कॉम्प्युटरनं लाल खूण दाखवली. अपक्व पेशी, म्हणजे ब्लड कॅन्सरची शंका.

सर हसले. नळी बदलायला लावली, रक्त पुन्हा द्यायला हात पुढे केला, रंगाची बाटलीसुद्धा नवी फोडायला लावली. देवा, आजही मशीनच खोटं निघू दे, एवढंच माझ्या मनात चाललं होतं.

ते मायक्रोस्कोपवर वाकले, ते बराच वेळ उठलेच नाहीत.

"नक्की चुकलंय, सर. त्या मशीनवर काय भरवसा ठेवता?"

"न्हाई गं. बरोबर बोलायलंय बिचारं."

बिचारं म्हणे! जन्मात पहिल्यांदा त्याला चांगलं म्हणाले, तेही ह्या कारणासाठी. मला रडू आवरेना.

"रडतेस काय? रिपोर्ट टाइप कर."

"सर, दुसऱ्या डॉक्टरांची सही घेऊ."

"का? स्लाइड बघितली कुणी?"

सर उपचाराला हैदराबादला गेले, ते परत आले नाहीत. माझ्या डोळ्यांपुढून तो कागद काही हलत नाही. वर पेशंट म्हणून त्यांचं नाव, खाली डॉक्टर म्हणून त्यांचंच, आणि सही रोजच्यासारखी सरळ.