कानडीत आधीच बघितलेली गोष्ट

एका चालू मालिकेत पुढं काय होणार हे मी शेजारच्या अक्काला छातीठोकपणे सांगितलं आणि तिची एक नागपंचमी वाया घालवली. तेव्हा मी साठीतली होते, म्हणजे अगदीच अल्लड. आता सत्तरी ओलांडल्यावर जरा पोक्तपणा आलाय. आता मी अंदाज सांगते ते फक्त विनोदी कार्यक्रमांचे, कारण तिथं पुढं काय होणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. साडी नेसलेला बाप्या धाडकन पडणार आणि समोर बसलेले पाहुणे पोट धरून हसणार. मीही हसते. त्याचा पदर माझ्यापेक्षा चापूनचोपून बसलेला असतो, त्याचं कौतुक नको?

मालिकांतलंही मला चांगलं कळतं. आजकालची सून झोपेतून उठते ती गळ्यात हार घालूनच. पोळ्या लाटते, पण हाताला पीठ लागत नाही. घरात एवढी माणसं, पण रानात जायचं कुणाला नसतं. सगळे दिवाणखान्यात गोल उभे. कुणी एक शब्द बोललं की प्रत्येकाचं तोंड पुन्हा पुन्हा दाखवतात, तेवढ्यात माझी एक भाकरी थापून होते. कानडी मालिकांत निदान माणसं जेवताना दिसतात. खलनायिका मात्र मला दोन्हीकडच्या आवडतात. सबंध घरात कामाला लागलेली तेवढी एकटीच असते.

बीदर जिल्ह्यातल्या आमच्या राजेश्वर गावात दोन्हीचा आनंद घेता येतो. दुपारी कानडी, संध्याकाळी मराठी. माझं माहेरही इकडचंच, दुबलगुंडीचं, त्यामुळं मला दोन्ही सारखंच. अक्का उदगीरकडून लग्न होऊन आलेली. बाजारात ती कानडी बोलते, कानडीत भांडतेही, पण रडायला तिला मराठीच लागतं. म्हणून रोज दिवेलागणीला ती सूपभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन माझ्याकडं यायची. शेंगा फोडायच्या आणि मालिका बघायची.

त्या वर्षी झालं असं, की मी आधीच पुरती बघितलेली एक कानडी गोष्ट मराठीत सुरू झाली. माणसं वेगळी, भांडणं तीच. आता हे सरळ सांगावं की नाही? पण नाही. मी भिंतीला टेकायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "उद्या ह्याचं पाकीट हरवणार बघा." दुसऱ्या दिवशी हरवायचं. गल्लीतल्या बायका माझ्याकडं अशा काही बघायला लागल्या की एकीनं तिची म्हैस कधी विणार तेही विचारलं. मी तेही सांगून टाकलं.

त्या मालिकेत लेकीनं आपल्या मनानं लग्न केलेलं, आई लग्नाला गेलेली नाही, दोघींचं बोलणं बंद. अक्काच्या घरीही हेच होतं. तिची लेक बीदरला. जावई बिचारा अधूनमधून फोन करायचा, "मामी, या की एकदा." अक्का "बघू" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तो पदरानं पुसत बसायची.

एका संध्याकाळी शेंगा फोडता फोडता, वर न बघता तिनं विचारलं, "ही पोरगी माघारी येईल का गं आईकडं?"

ती कुठल्या पोरीचं विचारायलीय हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. पण माझे डोळे पडद्यावर.

"येती की. पंचमीला येती. आईच्या पाया पडती, लई रडती."

"आई जात न्हाई तिच्याकडं?"

"कामून जाईल? आईनं गप बसायचं. पोरगी आपसूक येती."

"तुला कसं ठाव?"

"मला ठाव असतंय, अक्का."

पुढच्या खेपेला जावयाचा फोन आला तेव्हा अक्का माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "तिलाच येऊ द्या." आणि माझ्याकडं बघून हळूच हसली.

पंचमीला तिनं पुरणाचे दिंड उकडले. दारातल्या लिंबाला झोका बांधून घेतला. माहेरी आलेल्या गल्लीतल्या लेकी त्यावर खेळून गेल्या. अक्का उंबऱ्यात बसून. बीदरहून बस आली की तिची मान वर व्हायची. दिवस कलल्यावर तिनं दिंडांचं ताट झाकून माझ्याकडं आणलं. "खा," म्हणाली. "गार झालेत."

त्याच आठवड्यात मालिकेतही पंचमी आली. मराठीवाल्यांनी गोष्टच फिरवली होती. लेक आलीच नाही. आईनंच पिशवी भरली आणि ती लेकीच्या गावाला निघाली.

"तू तर म्हणलीस, आईनं गप बसायचं," अक्का म्हणाली.

मग मला सांगावंच लागलं. "ते कानडीतलं होतं, अक्का. मी आधीच बघितलेलं."

ती मला शिव्या देईल असं वाटलं. तिनं फक्त टरफलं गोळा केली, सूप उचललं आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरच्या सकाळी तिच्या दाराला कुलूप होतं. पिशवी घेऊन बीदरच्या बसमध्ये चढताना दिसली, असं कुणीतरी सांगितलं.

आता पोरीनं दारातून परत पाठवली तर? हे पाप माझ्याच माथी. संध्याकाळी मालिकेतल्या लेकीनं दार उघडून आईला मिठी मारली, मागं सनई वाजली, आणि मी टीव्ही बंद केला. मला त्या सनईची भीतीच वाटली.

आठवड्यानं अक्का आली ती थेट माझ्याकडंच. पिशवी खाली ठेवली, आपल्या जागेवर भिंतीला टेकून बसली.

"काय झालं अक्का? पाया पडली का? रडली का?"

माझ्याकडं बघत ती म्हणाली, "तुझी कानडीवाली बी खोटी अन् मराठीवाली बी. माझ्या पोरीनं दार उघडलं, खालवर बघितलं अन् म्हणली, 'चप्पल भाईर काढ, फरशी आत्ताच पुसलीय.' मग तिचं लेकरू माझ्या मांडीवर दिलं अन् गेली भाकरी टाकायला. लाव आता तुझं ते, बघू कोण कुणाच्या गळ्यात पडायलंय."