लाइन जोडणारा

उंच, सडपातळ, हात लांबच लांब. म्हणून वीज खात्यात सगळे त्याला खांब्या म्हणायचे. काम लाइनमनचं. चाळिशी आली तरी लग्नाचं घोडं अडलेलं. मुलगी बघायला गेला की घाम फुटायचा, तोंडाला कुलूप लागायचं. खांबावर चढला की मात्र मजेत शीळ घालायचा.

त्या वर्षी एका गल्लीतली लाइन सारखी जायची. गल्लीच्या टोकाला एका बाईचं शिवणकामाचं दुकान होतं. मागच्या दोन खोल्यांत ती वडिलांबरोबर राहायची. मशीन विजेवरची, त्यामुळे लाइन गेली की तिचा फोन, आणि खांब्या सायकल हाणत हजर. पुढे पुढे तो फोनच्या आधीच हजर व्हायला लागला. लाइन चालू असली तरी "जरा तपासतो" म्हणून वर चढायचा, आणि तारेकडे कमी, दुकानाकडे जास्त बघायचा.

गल्लीला तेवढं पुरे होतं. शेजारीण तिच्या वडिलांना म्हणाली, "तो लाइनमन तुमच्या मुलीवर लाइन मारतोय बरं का!"

वडील जुने घड्याळजी. त्यांच्या लेखी लाइन म्हणजे वीज, नाहीतर दुकानापुढची रांग. त्यांचं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी खांब्या वर चढलेला दिसताच काठी घेऊन बाहेर आले.

"काय रे, आमच्या मुलीवर लाइन मारतोस म्हणे? आधीच ती उठसूट जाते, वर आणि तू मारायची?"

खांब्यानं खांबाला मिठीच मारली. "नाही हो काका! मी लाइन जोडतो. मारत नाही. आईशप्पथ!"

दारात उभी असलेली ती हसून हसून पायरीवरच बसली. डोळे पुसत उठली आणि वडिलांच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हातारबुवा वर बघून ओरडले, "अरे, मग खाली उतर की! असल्या गोष्टी काय खांबावरून बोलतात?"

तो उतरला.

"शेजारीण म्हणते ते खरं?" तिनं विचारलं.

"हो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"लाइन असायची तेव्हा मशीनचा आवाज. नसायची तेव्हा मी वर."

"उद्या दुकान बंद असतं," ती म्हणाली. "उद्या या. आणि शिडी आणू नका."

तो गेला. घाम फुटला, पण बोलला. सांगतात की एकदा सुरू झाला तो दिवेलागणीपर्यंत थांबलाच नाही. मध्ये घड्याळजी दोनदा डुलकी काढून उठले.

लग्न झाल्यावर तिनं पहिल्यांदा त्याचा गणवेश उसवला. पक्कड सारखी खाली पडते म्हणून छातीवर तिरका, खोल खिसा लावून दिला. आठवड्याभरात खात्यातले सगळे लाइनमन तसाच खिसा लावून घ्यायला दुकानात, आणि खांब्या गल्ल्यावर बसून त्यांना दटावतोय, "गर्दी करू नका. बायकोला त्रास होतो."