सरूचं रगत कायले तपासलं

अनसिंगच्या बुद्धविहारामागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, दोन बाक आहेत आणि छताला टांगलेली एसटीची घंटा आहे. दोरीसकट. हे सगळं मिळून आमचं वाचनालय. ते चालवतात पंजाबराव कंडक्टर. त्यांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अंगातली कंडक्टरकी काही रिटायर झाली नाही. भंगारात निघालेल्या एका गाडीची ही घंटा त्यांनी भंगारवाल्याशी तासभर हुज्जत घालून मिळवली.

वाचनालयाचा नियम एकच. पुस्तक परत करणाऱ्यानं रविवारी वंदना झाली की उभं राहून पाच मिनिटं सांगायचं, पुस्तक कसं वाटलं ते. नुसतं "चांगलं होतं" म्हणून बसायला परवानगी नाही. पाच मिनिटं झाली की पंजाबराव दोरी ओढतात. एक टोला म्हणजे गाडी थांबली, आता उतरा. मग वाक्य अर्धं असो नाहीतर तोंड उघडं असो. एकदा सरपंचांनाही त्यांनी "वाचनामुळे माणूस" इथंच उतरवलं होतं. दोन टोले म्हणजे गाडी सुटली, बोलत रहा. हे प्रत्येक नव्या वाचकाला ते समजावून सांगत. पण दोन टोले आजवर कोणाच्याच नशिबी आले नव्हते.

पंजाबरावांना एकच खंत होती. वाचनालयात भरतीची तयारी करणारी पोरं येत, पेपर चाळायला म्हातारे येत, पण पोरी येत नसत. त्यांनी घरोघरी जाऊन सांगून पाहिलं. आया हो म्हणत, पोरी हसत आणि बाक रिकामा राही.

अशात वाशीमला नोकरी करणारा त्यांचा मुलगा विनोद पुस्तकांचा एक गठ्ठा घेऊन आला. त्यात उशीएवढं जाड एक मराठी भाषांतर होतं. मुखपृष्ठावर काळ्या पंखांचा एक राजपुत्र, अंगात सदरा नाही, आणि त्याच्या गळ्याला तलवार लावलेली एक पोरगी. पंजाबरावांनी ते खालच्या खणात सरकवलं. वाशीमच्या कॉलेजात जाणाऱ्या रूपानं ते दुसऱ्या दिवशी शोधून काढलं आणि आठवड्यात बाक भरला. 'पंखवालं' कधी मिळेल, म्हणून पोरी नंबर लावू लागल्या. मळेवाल्या गुलाबरावांची राधिकासुद्धा आली. पालक-मेथी वाढवणाऱ्या त्या आळीतून विहाराच्या वाचनालयात आजवर कोणी आलं नव्हतं. पंजाबरावांनी तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि घरी जाऊन बायकोला, भागिरथाबाईंना, तीन वेळा सांगितलं.

इतक्या हातांतून फिरल्यावर पुस्तकाची शिवण उसवली. शेवटची पानं तर पार सुटी झाली. पंजाबराव ते शिवायला घरी घेऊन आले. ओट्यावर दाभण, दोरा आणि खळ घेऊन बसले आणि सहज पहिलं पान वाचलं. झालं. दाभण बाजूला राहिला. रोज दुपारी ते मोठ्यानं वाचू लागले आणि समोर भागिरथाबाई तुरीच्या शेंगा सोलत ऐकू लागल्या.

गोष्टीतली पोरगी, सेरिन तिचं नाव, राजवाड्यात पाणी भरणारी होती. भागिरथाबाईंनी पहिल्याच दुपारी तिची सरू केली. सरू खालच्या नदीवरून घागरी वाहायची, पण राजवाड्यातल्या हौदाला हात लावायची तिला मनाई. त्या पानावर पंजाबराव थोडे थांबले. त्यांची आई गावच्या विहिरीवर घागर घेऊन, कोणी वरून ओतेल म्हणून उभी राहायची. मग त्यांनी पान उलटलं. पुढं वाचणं सुरू झालं.

तो पंखवाला राजपुत्र सरूच्या मागं लागला तेव्हा पंजाबरावांनी त्याला यथेच्छ नावं ठेवली. "सदरा घाल म्हना आंधी." पण शत्रूनं शहराचं पाणी तोडलं, सरूनं रात्रंदिवस खपून जुना पाट मोकळा केला आणि लोकांच्या दारात पाणी आणलं, तेव्हा पंजाबराव चष्मा पुसायला उठून आत गेले. पाटाला पाणी सोडून सरू राजवाड्याच्या पायरीवर बसली आणि तिनं रिकामी घागर बाजूला ठेवली. तिथं प्रकरण संपत होतं.

शेवटची पानं राहिली होती. ती पंजाबरावांनी मनातल्या मनात भराभर वाचून काढली आणि एकदम ओरडले.

"अवं भागिरथा, ऐकलं काय? सरू राजाची पोरगी निंघाली."

"कोन्त्या राजाची?"

"मेलेल्या. लहानपनी हारपली होती म्हन्ते. तलवारीले तिचं रगत लागलं, तलवार चमकली, अन् सारे दरबारी पाया पडले."

"मंग एवढे दिवस पानी वाह्यलं, ते?"

"ते गेलं वाया. पाट बी तिनं नाई मोकळा केला, तिच्या रगतानं केला म्हन्ते. चारशे पानं मी हिच्यासंगं घागरी उचलल्या, मान मोडून गेली माही, अन् आता म्हन्ते बाप राजा होता म्हनून जमलं. पानी भरनाऱ्याची पोरगी असती तं जमलं नसतं काय? सरूचं रगत कायले तपासलं या लेखकानं?"

भागिरथाबाईंनी शेंग सोलायची थांबवली. "भाजी खाऊन घ्या," एवढंच त्या म्हणाल्या. पंजाबराव त्या दिवशी जेवले, पण रागानं जेवले. जन्मावरून माणूस मोजायचा नाही, हे त्यांनी उभ्या हयातीत गाडीतल्या शेवटच्या सीटपर्यंत सांगत आणलं होतं. आणि त्यांच्याच कपाटात बसून हे पुस्तक पोरींच्या कानात उलटं सांगत होतं. पुस्तक फेकावं तर पोरी जातील. ठेवावं तर हे असं.

त्यांनी पुस्तक शिवलं. सुबक, घट्ट, नवा पुठ्ठा लावून. फक्त सरू पायरीवर बसते तिथंच शिवलं. पुढची पानं पत्र्याच्या पेटीत, हिवाळी कपड्यांखाली गेली.

नंबर राधिकाचा होता. रविवारी ती उभी राहिली. जरा घाबरत म्हणाली, "मले शेवट लई आवडला. पायरीवर बसते अन् घागर ठेवते, बस. पुढं काईच नाई."

पंजाबराव प्रसन्न झाले. इतक्यात मागून रूपा म्हणाली, "पुढं काई नाई कसं? मंग सिंहासन कुठी गेलं?"

"कोन्तं सिंहासन?"

रूपानं पुस्तक हातात घेतलं, मागून उघडलं, आणि पंजाबरावांकडे पाहिलं. "आबाजी, अर्धं काहून शिवलं?"

"अर्धं नाई. जिथं संपाले पायजे होतं तिथं संपवलं."

"तुमी कंडक्टर होते नं? शेवटच्या स्टॉपचं तिकीट द्याचं अन् पॅसेंजरले मधातच उतरवाचं, असं करत होते काय तुमी?"

"पुढचा रस्ता खराब हाये, रूपा."

"मंग न्या नं खराब रस्त्यानं. आदळू द्या आमाले. आमचे बी हाडं घट हायेत."

पोरी उठून गेल्या. राधिकाही गेली, पण जाताना तिनं दोनदा मागं वळून पाहिलं.

पंजाबरावांना तो घाव वर्मी लागला. मानोऱ्याच्या रस्त्यावर तांड्याच्या फाट्याला स्टॉप नसतानाही त्यांनी गाडी थांबवून म्हाताऱ्यांना उतरवलं होतं. पण उतरायचं नसलेल्याला कधी उतरवलं नव्हतं. दोनतीन दिवस ते "पोरींचंच चुकलं" असं भिंतीला सांगत राहिले. पुढच्या रविवारी वंदना झाली आणि बाक रिकामा होता. पेपर वाचणारे म्हातारे तेवढे त्यावर ऐसपैस बसले. पंजाबरावांनी घरी येऊन पेटी उघडली आणि शिवण उसवली.

सगळी पानं लावून शिवलेलं पुस्तक घेऊन ते रूपाच्या घरी गेले. रूपानं गाडीत चढलेल्या तपासनिसासारखं शेवटचं पान आधी पाहिलं.

"घे. पूर्न हाये," पंजाबराव म्हणाले. "पन माहा राग गेला नाई."

"राग ठेवा नं. कोन नाई म्हन्ते? रविवारी उभं राहून सांगा. आमी येतो." मग म्हणाली, "पन नियमानं. घंटी माह्या हातात."

त्या रविवारी बाक पुरले नाहीत. भागिरथाबाईही आल्या, पदराखाली तुरीच्या शेंगा घेऊन. पंजाबराव उभे राहिले. त्यांनी राजपुत्राच्या सदऱ्यापासून सुरुवात केली ती चूक झाली, कारण त्यातच बराच वेळ गेला. मग हौद आला, पाट आला, आवाज चढत गेला. "हे लेखक लोकं मानसाले कामावून वळखत नाईत. चांगली बाई दिसली का हिचा बाप कोन, हेच शोधत बसतात. अन् म्हनून मी म्हन्तो का या तलवारीले..."

टण्ण. एक टोला.

पंजाबराव थांबले. हात वर, तोंड उघडं. उभ्या आयुष्यात एका टोल्यापुढं गाडी न्यायची त्यांना सवय नव्हती.

दोरी धरून रूपा म्हणाली, "आबाजी, तुमचं खरं असन. पन आमाले बी कधी रानी व्हावं वाटते. जलमभर पानीच वाह्यचं काय आमी?"

पंजाबरावांच्या चेहऱ्यावर उत्तर अगदी ओठांपर्यंत आलेलं दिसत होतं. पण टोला पडला होता. पोरी पदर-ओढण्या तोंडाला लावून हसत होत्या.

"मी इचारू काय एक?" भागिरथाबाई म्हणाल्या. "सरू तं सिंहासनावर बसली. मंग त्या दिवसापासून पानी कोनं भरलं?"

हसणं थांबलं. रूपानं पुस्तकाकडे पाहिलं, जणू तिथं कुठं लिहिलेलं असेल. कोणालाच आठवेना. राधिका हळूच उठली आणि तिनं रूपाच्या हातातून दोरी घेतली.

टण्ण, टण्ण.

पंजाबरावांनी आधी घंटेकडे पाहिलं, मग राधिकाकडे, आणि वर राहिलेला हात खाली घेतला.

"तं या तलवारीले मी म्हन्तो," ते म्हणाले आणि रूपासाठी बाकावर जागा करा, अशी म्हाताऱ्यांना खूण केली.